रंग पांढरट, वास गोडसर

“रंग पांढरट, वास गोडसर,” साहेबांनी वाचलं आणि मला भर बैठकीत पान्हा फुटला.

पान्ह्याला वेळकाळ कळत नाही हे मी आता मान्य केलंय. कुणाच्याही पोराने कुठेही भोकाड पसरलं, मांजर केकाटलं, अगदी रोलर मागे येताना जी किरकिरी शिट्टी वाजवतो ती ऐकली, तरी माझं शरीर ‘आले, आले’ करत उठतं. पण कसलाही आवाज नसताना, लॅबच्या अहवालातल्या दोन शब्दांवर? मी गपकन केशरी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. हे जॅकेट खात्याने आमच्या सुरक्षिततेसाठी दिलंय, आणि माझ्यापुरतं ते आपलं काम चोख करतं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “मॅडम, थंडी वाजते का?” “थोडी,” मी म्हटलं. आमचं साइट ऑफिस म्हणजे पत्र्याचा कंटेनर. सकाळ सरायच्या आत तो असा तापतो की फायलीही घाम पुसतील. ठेकेदार वहीने वारा घेत होता. त्याने माझ्याकडे कणवेने पाहिलं. त्याला वाटलं असणार, खर्चाचा आकडा ऐकून बाईला हुडहुडी भरली.

आकडाही तसाच होता म्हणा. महामार्ग रुंद करायचा, त्यासाठी कडेची जमीन खणायची, आणि खणलेली माती तिथेच भरावात टाकायची, हे आमचं साधं गणित. मातीला पाय नसतात, बोट दाखवाल तिथे ती निमूट पडते. पण जुना पेट्रोल पंप पाडला त्या जागी पोकलेनच्या बकेटमध्ये काळी माती वर आली: ओली, चकचकीत, हुंगली तर कानशिलं बधिर करणारी. अशी माती भरावात चालत नाही. तिला झाकून न्यायची, लांबच्या खास जागेत अस्तर लावलेल्या खड्ड्यात पुरायची, आणि तिथले लोक गाडीगणिक पैसे मोजून घेणार. घरात एखादा पाहुणा आजारी पडावा आणि त्याला टॅक्सीने, मग मोठ्या हॉस्पिटलात, मग वेगळ्या खोलीत न्यावं लागावं, आणि बिल कुणी द्यायचं यावर यजमानांत जुंपावी, तसं आमचं चाललं होतं. अंदाजपत्रकात ‘अनपेक्षित खर्च’ अशी एक ओळ असते. ती साहेबांनी स्वतःच्या हाताने बारीक केली होती, कारण वरच्या ऑफिसात ती ओळ बघून दर वेळी विचारतात, अनपेक्षित आहे तर तुम्हाला आधी कसं कळलं?

काळी माती कुठवर पसरली आहे ते बघायला आम्ही दोन खड्डे घेतले होते. एक पंपाकडे, एक दूरच्या टोकाला, लेथवाल्या आजोबांच्या शेडसमोर. दोन्हीत पाणी लागलं, ते पाणी बाटलीत भरून लॅबला गेलं. पंपाकडचं घाण निघणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याचा खर्च पंपवाल्यांच्या गळ्यात घालायची तयारी साहेबांनी केलेली होती. लेथकडचं स्वच्छ निघालं की प्रश्न मिटला. पण दोन्ही टोकं घाण निघाली तर मधली सगळी माती घाण धरायची असा नियम आहे, आणि मधे काही थोडीथोडकी माती नाही. आता अहवाल म्हणत होता की लेथकडच्या पाण्यात तेल आणि स्निग्धांश मर्यादेच्या कितीतरी पट. पंपापेक्षाही जास्त. ठेकेदाराच्या चेहऱ्यावर दुःख पसरलं, पण ते दुःख आतल्या आत शीळ घालत होतं. माती जितकी काळी तितक्या त्याच्या गाड्यांच्या फेऱ्या.

सगळे नाककाकांकडे बघायला लागले. हे आमचे मातीचे सल्लागार. ढेकूळ नाकाशी नेऊन मातीचा पूर्वेतिहास सांगतात म्हणून साइटवर त्यांना नाक म्हणतात. ‘काका’ मी लावते, वयाचा मान म्हणून. आज ढेकूळ नव्हतं, तर त्यांनी अहवालाचा कागदच नाकाजवळ नेला. “कटिंग ऑइल,” ते म्हणाले. “लेथवर लोखंड कापताना गार ठेवायला पाण्यात मिसळून सोडतात ते. अगदी दुधासारखं दिसतं.”

“आणि गोडसर?” साहेबांनी विचारलं.

“तेच तर वाईट. उग्र वासाचं मला भय नाही, तो निदान ओरडून सांगतो. गोड वास गळ्यात पडतो आणि मग गळा धरतो.”

साहेबांनी पेन उघडलं. शेड लेथवाल्या आजोबांची. तिचा पुढचा अर्धा भाग रस्त्यात जातो, त्याचा मोबदला त्यांना मिळणार आहे, त्या पैशात मागे भिंत बांधून लेथ आत सरकवायचं असं त्यांचं ठरलेलं. ज्याने घाण केली त्याने ती काढायचा खर्च द्यायचा, हाही नियमच. म्हणजे मोबदला मातीच्या खर्चात वळता होणार, भिंत होणार नाही, आणि लेथ अर्ध्या शेडमध्ये, वर आभाळ घेऊन उभं राहणार. “आजोबांना जेवणानंतर बोलवा,” साहेब म्हणाले. “त्यांची कबुली घेऊ आणि आजच वर पाठवून देऊ. मोबदल्याच्या याद्या आज बंद होतात.” मी तोंड उघडलं आणि मला स्वतःलाच ऐकू आलं, “साहेब, तो माणूस तेल टाकून देणारा नाही.” ते खरंच होतं. आजोबांचा चिक्कूपणा आख्ख्या रस्त्यावर प्रसिद्ध आहे. ते चहाची पत्ती वाळवून पुन्हा उकळतात. वापरलेलं तेल फडक्याने गाळून परत लेथला, लेथला नको झालं की दाराच्या बिजागरीला, बिजागरीतून ओघळलं तर बोटाने निपटून सायकलच्या साखळीला. साहेब म्हणाले, “मॅडम, माणूस कसा आहे ते अहवालात नसतं.” आणि बैठक जेवायला उठली.

मी मागच्या खोलीत गेले. खोली म्हणजे कंटेनरचा शेवटचा तुकडा, मोजणीची यंत्रं ठेवायचा. तिथे तिपाया भिंतीला टेकून उभ्या असतात, लांब पायांच्या, मान खाली घातलेल्या, परक्या घरी आलेल्या मुलींसारख्या. आणि त्यांच्या मधे प्लास्टिकच्या खुर्चीवर मी, दाराला आतून कडी, मांडीवर दूध काढायचा पंप. बाळंतपणाच्या रजेनंतर रुजू झाल्यापासून दिवसातून काही वेळ मी इथे माझी असते, म्हणजे खरं तर तेव्हाही पिल्लाचीच असते, पण लेक समोर नसल्याने मला तिच्याबद्दल निवांत विचार करता येतो. बाहेर खड्ड्यातलं पाणी उपसणारा मोठा पंप धडधडत असतो, आत माझा छोटा. कधी कधी दोघांची लय जुळते आणि मला उगाच वाटतं की आम्ही दोघं एकाच कामावर आहोत. जमिनीच्या पोटातलं काहीतरी बाहेर काढायचं, बाटलीत भरायचं, वर चिठ्ठी लावायची, गार ठेवायचं. पहिल्या दिवशी मला इथे रडू आलं होतं. दूध येईना. मी पिल्लाचा फोटो बघितला, व्हिडिओ लावला, काही नाही. मग बाहेर रोलर मागे यायला लागला, आणि शिट्टी ऐकून भरभर आलं. तेव्हापासून मी त्या रोलरवाल्याला मनातल्या मनात भाऊ मानलंय. त्याला हे कधी कळणार नाही. कळलं तर बिचारा गाडी मागे घ्यायचीच सोडेल.

दूध काढून झालं की ऑफिसच्या फ्रिजमध्ये. फ्रिज एकच; वरच्या कप्प्यात लॅबचे नमुने, मधे साहेबांचं लिंबूपाणी, खाली चहाचं दूध आणि माझं दूध, त्यावर मी चिठ्ठी लावते, ‘चहासाठी नाही’. या चिठ्ठीवर सगळ्या ऑफिसने गंभीर राहायचं ठरवलंय, आणि मीही ते गंभीरपणे सोसते. संध्याकाळी बर्फाच्या डब्यात घालून घरी. घरी सासूबाई. मी त्यांना आई म्हणते, त्या मला अगं म्हणतात. दिवसभर पिल्लू त्यांच्याकडे, आणि माणूस म्हणून त्या सोन्यासारख्या आहेत, फक्त एक खोड. पिल्लाला बाटली देण्याआधी त्या दुधाचा एक थेंब आपल्या तळहातावर घेतात आणि जिभेला लावतात. मी किती वेळा सांगितलं, आई, मनगटावर टाकून बघा, गरम आहे का कळतं, जिभेला कशाला. त्या म्हणतात, “मनगटाला चव कळते का?” एकदा यावरून आमचं वाजलंही. पिल्लाचा बाबा दोन्हीकडे बघत म्हणाला, दोघींचं बरोबर आहे, आणि दोघींनी मिळून त्याला खोलीबाहेर काढलं.

आणि मग ती संध्याकाळ. मी कपडे बदलत होते, त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अगं, आज एका बाटलीत तर नुसतं पाणीच होतं.” बस्स, एवढंच. मागे काही नाही, पुढे काही नाही. पण मला ते वाक्य असं लागलं की काय सांगू. माझं दूध पातळ आहे, पोरीला पुरत नाही, हिला नोकरीची हौस, असं सगळं मी त्या एका वाक्यातून वाचून काढलं. माझ्या मते तर स्पष्ट ऐकलंच. पिल्लाचं वजन त्या महिन्यात जरा कमीच भरलं होतं. डॉक्टर ‘बघू’ म्हणाले होते, आणि डॉक्टरांचं ‘बघू’ मी तेव्हापासून गिळता न आलेल्या गोळीसारखं घशात घेऊन हिंडत होते. पावडरच्या दुधाचा डबा आणू का, असं मी त्या रात्री नवऱ्याला विचारलं, आणि त्याने ‘आण की’ म्हटल्यावर रागावून कुशीवर वळले. दुसऱ्या दिवशी डबा आणला, पण उघडला नाही. सासूबाईंशी कामापुरतं बोलायचं ठरवलं. ‘हो’, ‘नको’, ‘आले’. त्यांनी दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी त्याही ‘बरं’, ‘असू दे’ वर आल्या. घरात एवढी शांतता झाली की पिल्लूच दोघींकडे आळीपाळीने बघून काहीबाही बोलायला लागलं. पातळ. नुसतं पाणी. पंपाच्या लयीत हेच शब्द. पांढरट. गोडसर. नुसतं पाणी. स्निग्धांश मर्यादेच्या कितीतरी पट. नुसतं...

पंप माझ्या हातातच थांबला. बाहेरचा चालू होता.

माझ्या हातातली बाटली तपकिरी काचेची होती. लॅबवाले नमुन्यासाठी देतात ती. उन्हाने तेल बिघडू नये म्हणून काच तपकिरी. आतलं काही दिसत नाही. नमुने घेतले त्या दिवशी मी घरून निघताना दुधाच्या बाटलीचं झाकण विसरले होते, आणि लॅबच्या कोऱ्या बाटल्या समोर होत्या, उकळून पॅक केलेल्या, माझ्या घरातल्या कुठल्याही भांड्यापेक्षा स्वच्छ. मी एकीत दूध भरलं. बरं वाटलं म्हणून त्यानंतर तीच सवय लागली. तर त्या दिवशी फ्रिजमध्ये एकसारख्या तीन बाटल्या: पंपाकडचं पाणी, लेथकडचं पाणी आणि पिल्लाचं दूध. दुपारी लॅबचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला तेव्हा मी फ्रिज उघडला, तर गारव्याने ओल्या होऊन तिन्ही चिठ्ठ्या खाली ट्रेमध्ये पडलेल्या. पंपाची बाटली झाकणाच्या वासावरून कळली. उरल्या दोन. सील केलेली बाटली उघडायची नाही असा लॅबचा दंडक. त्यात घरून फोन आला होता, खांदा आणि कान यांच्यामधे फोन, पलीकडे पिल्लू टाहो फोडतंय, इकडे हॉर्न. मी दोन्ही हातांत एक एक बाटली घेतली. एक जरा जड वाटली. आणि मला काहीही शंका आली नाही. मला अगदी आठवतंय, मी मनात काय म्हटलं ते: आपलं दूध आपल्याला कळणार नाही का? आईला कळतंच, असं सगळे म्हणतात. जड ती माझी, असं ठरवून मी चिठ्ठ्या चिकटवल्या, वरून टेपही लावली, आणि त्या आत्मविश्वासाने पिल्लाचं दूध सरकारी गाडीत बसवून दिलं.

म्हणजे मग घरी, बर्फाच्या डब्यात. खड्ड्याचं पाणी. पिल्लासाठी.

तिपाया तशाच मान खाली घालून उभ्या होत्या. भीतीबरोबर मला हसूही येत होतं, खालून, बुडबुड्यासारखं, आणि मला त्याची लाज वाटत होती. पिल्लाच्या ओठांपासून एका जिभेच्या अंतरावर ते पाणी गेलं होतं. ती जीभ सासूबाईंची. ती जीभ मला किळसवाणी वाटायची. आणि दुसरीकडे लॅबने, कसलाही लोभ नसलेल्या, माझ्या घरच्या कुणाला न ओळखणाऱ्या लॅबने, सहीशिक्क्यानिशी कळवलं होतं की माझ्या दुधात स्निग्धांश मर्यादेबाहेर आहे. इतका की त्यावर एका म्हाताऱ्याची भिंत उभी राहायच्या आतच पाडता येईल.

बैठक भरली तेव्हा आजोबा आलेले होते. धुतलेला शर्ट, नखांत मात्र कधीच न निघणारा काळेपणा. साहेब त्यांना अहवाल समजावत होते. “आजोबा, तुमच्या शेडसमोर कटिंग ऑइल सापडलंय.”

“माझं?” आजोबा म्हणाले. “मी टाकलं नाही साहेब. टाकवतच नाही मला.”

“पण अहवालात आलंय.”

आजोबांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. छापलेल्या कागदापुढे माणूस कसा लहान होतो ते मी आधीही पाहिलंय, पण त्या दिवशी ते लहान होणं माझ्यामुळे चाललं होतं. “लॅबचा आहे म्हणजे असेल,” ते हळूहळू म्हणाले. “एकदा बादली लवंडली होती खरी. फार वर्षं झाली. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.” नाककाकांनी समाधानाने मान हलवली. साहेबांनी पेन पुढे केलं.

मी आधी आडून जायचा प्रयत्न केला. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी सवय. “साहेब, नमुना पुन्हा घेऊ या का? वाहतुकीत काही वेळा...” “याद्या आज बंद होतात मॅडम.” “पण बादलीभर तेलाने एवढं...” “तेल पसरतं मॅडम,” नाककाका म्हणाले, “आणि हे तर नुसत्या वर्णनावरून कळतं. दुधाळ, गोडसर. दुसरं काय असणार?” आजोबांनी पेनाचं टोपण काढून जपून आपल्या खिशात ठेवलं, सवयीने, आणि सही कुठे करायची ते शोधायला लागले.

“दूध,” मी म्हटलं.

आजोबांनी कागदावरून मान वर केली.

“ते दूध आहे. माझं. म्हणजे माझ्या मुलीचं. बाटल्यांची अदलाबदल झाली, माझ्या हातून.” मग मी सगळं सांगितलं: झाकण, तपकिरी बाटली, ओल्या चिठ्ठ्या, हॉर्न. सांगताना माझी नजर टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासवर होती, आणि मला जाणवत होतं की खोलीतले सगळे पुरुष त्याच ग्लासकडे बघतायत, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते त्यांना सुचत नव्हतं. ठेकेदाराच्या चेहऱ्यावरचं शीळ घालणारं दुःख आता खरोखरीचं झालं. नाककाकांनी कागद उचलला, नाकाकडे नेला, आणि मधेच ठेवून दिला.

साहेब तो कागद पुढ्यात ओढत म्हणाले, “मॅडम, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण मला वर काय लिहायचं? दूध होतं याला आधार काय?”

आधार होता. फक्त आम्ही दोघी बोलत नव्हतो.

मी घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. “आई, मी. इथे सगळे आहेत, साहेबही ऐकतायत.”

“हळू बोल,” सासूबाई म्हणाल्या. “आत्ता कुठे झोपलंय.”

साहेबांनी ताबडतोब बाकीच्यांना हाताने खुणावलं. ठेकेदाराने वहीचा वारा थांबवला. बाहेरचा पंप धडधडत होता, तर आजोबा उठले आणि त्यांनी आवाज न करता खिडकी लावून घेतली.

“आई, त्या दिवशी एका बाटलीत पाणी होतं म्हणालात...”

“म्हणाले. आणि तू तोंड फुगवलंस.”

“ते खरंच पाणी होतं?”

“अगं मग काय असणार? मला दूध आणि पाणी कळत नाही का? तू घाईत खारं पाणी भरून आणलंस, मला वाटलं बाटली विसळायची राहिली असेल. तेवढंच सांगत होते, तर तू...”

“खारं?” साहेब कुजबुजले.

“हे कोण?”

“साहेब.”

“नमस्कार. थेंब जिभेला लावला होता मी. लावते मी नेहमी. हिला आवडत नाही.”

नाककाका फोनवर वाकले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुजबुजत असावेत. “बाई, जरा आठवून सांगा. जिभेला तेलकट लागलं? ओठ चुरचुरले? नंतर काही वास?”

“अहो, तेलकट असतं तर झाडाला घातलं असतं का मी?”

“झाडाला?”

“गॅलरीतल्या. पाणी कशाला वाया घालवायचं.” आजोबांनी पहिल्यांदाच आदराने फोनकडे पाहिलं.

“झाड जिवंत आहे?”

“कळ्या आल्यात. तुम्हाला हवं तर फांदी पाठवते. पण आता ठेवा, पिल्लू चुळबुळतंय.” फोन बंद झाला. तरी कुणी मोठ्याने बोलेना. साहेब कुजबुजतच म्हणाले की कबुलीचा कागद राहू दे, आजोबांचं नाव मोबदल्याच्या यादीत आहे तसंच जाऊ दे, आणि मॅडम, नवा नमुना उद्या, नाककाकांच्या समोर, आणि कृपा करून साध्या काचेच्या बाटलीत. माझ्या नावे लेखी ताकीद निघेल, तेही त्यांनी इतक्या हळू सांगितलं की ती अंगाईसारखी वाटली. मग त्यांना एकदम जाणवलं आणि ते घसा खाकरून म्हणाले, “आपण मोठ्याने बोलू शकतो.”

आजोबांनी खिशातून टोपण काढून पेनाला लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं. दाराशी माझ्यापाशी थांबले. मला वाटलं रागावतील, आणि त्यांना तेवढा हक्क होता. “म्हणजे बाटलीभर दूध वायाच गेलं की, पोरी,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका खरा शोक होता, की त्या बाटलीसाठी दुसरं कुणी इतकं हळहळलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

नवा नमुना आला तेव्हा अहवालात लेथकडच्या पाण्यापुढे लिहिलं होतं: रंग नाही, वास नाही, तेल नाही. मधली माती भरावात गेली. पंपवाले आणि साहेब अजून पत्रापत्री करतायत, ती त्यांची हौस. माझी ताकीद फाइलला लागली आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्याला कुणीतरी न बोलता छोटं कुलूप बसवलं, किल्ली माझ्याकडे.

नवा अहवाल मी घरी नेला, जुनाही. सासूबाईंनी चष्मा लावून आधी नवा वाचला. “चव लिहिली नाही,” त्या म्हणाल्या. “खारट होतं.” मग जुना. स्निग्धांशाच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हे काय?” मी सांगितलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, आणि पावडरचा न उघडलेला डबा कट्ट्यावरून उचलून वरच्या फळीवर मागे सारला. “पातळ आहे असं मी कधी म्हटलं होतं?” “नाही म्हणालात,” मी म्हटलं. “मग?” पिल्लू त्यांच्या खांद्यावर, मूठ तोंडात, बाटलीकडे डोळे लावून पाय झाडत होतं. त्यांनी बाटली तिरकी केली. तळहातावर थेंब घेतला आणि थांबल्या. त्या थांबल्या ते माझ्यासाठी, हे मला कळलं; आणि मी मनगटाबद्दल काहीच बोलले नाही. तशीच उभी राहिले, हातात दोन्ही अहवाल. त्यांनी थेंब जिभेला लावला. चव घेताना त्या नेहमी डोळे मिटतात, हे मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाहिलं.

“कसं आहे?” मी विचारलं.

त्यांनी उगाचच जास्त वेळ घेतला, नाककाकांसारखा. “गोडसर,” त्या म्हणाल्या, आणि बाटली पिल्लाच्या तोंडाला लावली.